हाय, धसका आणि नैराश्य : मराठी लेखनातले खचलेले मन आणि त्याचे शरीर

१. शब्दांची दोन घरे

मराठीत माणूस हाय खातो. तरणा मुलगा गेला, भावकीत जमिनीचा दावा हरला, धंद्यात भागीदाराने बुडवले, आणि पुढे वर्ष-दीड वर्षात तो माणूसही गेला, तर मयताला जमलेल्या बाया कारण विचारत बसत नाहीत. 'त्यानं हाय खाल्ली', एवढ्यावर विषय संपतो. दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला असो की मधुमेह, गावाच्या लेखी मृत्यूचे कारण ठरलेले असते.

आमच्या मावळातच नव्हे, तर मराठी मुलखात सगळीकडे अशा शब्दांचा मोठा साठा आहे. धसका घेणे, झुरणीला लागणे, खंगणे, हातपाय गळणे, ऊर दडपणे, काळजाचे पाणी होणे, पोटात खड्डा पडणे, अन्न गोड न लागणे, खाल्लेले अंगी न लागणे, अंथरूण धरणे. 'काळजी' हा रोजचा शब्दसुद्धा काळजाशी नाते सांगतो. या सगळ्या बोलण्यात दुःख कुठे राहते ते पाहावे. ते उरात आहे, पोटात आहे, हातापायांत आहे, ताटातल्या भाकरीत आहे. निव्वळ मनात ते कुठेच नाही.

शब्दांचे दुसरे घर नवे आहे. नैराश्य, खिन्नता, औदासीन्य, अवसाद. हे शब्द दवाखान्यांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून आले. 'नैराश्य' म्हणजे आशा नसणे. शब्द नेमका आहे, पण त्याला ना पोट आहे, ना ऊर. आशा ही मनाची गोष्ट, म्हणून तिचा अभाव हाही मनाचा आजार, अशी समजूत त्या शब्दाबरोबर आपोआप घरात येते.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. जुन्या शब्दांजवळ शरीर आहे, पण उपाय नाही. नव्या शब्दाजवळ उपाय आहे, पण शरीर हरवले आहे. आपले साहित्य आणि आपली समीक्षा या दोन घरांमधल्या भिंतीपाशी वारंवार अडखळत आली आहे, आणि त्याची किंमत केवळ वाङ्मयाने मोजलेली नाही.

गंमत अशी की वैद्यकाची स्वतःची फूटपट्टी जुन्या घराच्या बाजूने साक्ष देते. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. मन उदास असणे, कशात रस न वाटणे, स्वतःविषयी वाईट वाटणे, लक्ष न लागणे, मरणाचे विचार येणे हे त्यातले पाच प्रश्न. उरलेले चार म्हणजे झोप, थकवा, भूक आणि हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थपणा. म्हणजे नऊपैकी चार प्रश्न सरळ शरीराला विचारलेले आहेत. 'अन्न गोड लागत नाही' या आपल्या चार शब्दांत तर भूक मंदावणे आणि रस उडणे अशी दोन लक्षणे एकदम येतात.

२. विषादाचे पुढे काय झाले

दुःखाच्या शरीराची दखल आपल्या परंपरेने घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. तिथला अर्जुन आपली अवस्था सांगताना आधी अवयवांची यादी देतो. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, धनुष्य हातातून निसटू लागले, त्वचेची आग होते आहे, उभे राहवत नाही. युक्तिवाद नंतर येतो, शरीर आधी बोलते. १२९० साली ज्ञानेश्वरांनी ही अवस्था मराठीत आणली. अर्जुनाची ती घटकाभराची अवस्था आणि महिनोन्‌महिने चालणारा आजार एक नव्हेत, हे उघड आहे. तरीही मन कोसळताना शरीर कसे कोसळते, याचे हे मराठीतले एक फार जुने वर्णन आहे, आणि ते घरोघरी वाचले गेले आहे.

मग वाचणाऱ्यांनी त्याचे काय केले? विषादाला मोह म्हटले, आणि मोह ज्ञानाने जातो म्हणून लगेच दुसऱ्या अध्यायाकडे वळले. थरथरणारे शरीर ही पुढच्या तत्त्वज्ञानाची निव्वळ पायरी ठरली.

हीच गत तुकोबांच्या दुःखाची झाली. मी राहतो त्या वराळ्याच्या शिवारालगत इंद्रायणी वाहते. तीच पुढे इंदोरीवरून देहूला आणि तिथून आळंदीला जाते. इंदोरीजवळच भंडारा डोंगर आहे. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानदारी बुडाली, गावात पत गेली. त्यानंतर ते भंडाऱ्यावर आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. या साऱ्याला आपण एका शब्दात 'वैराग्य' म्हणतो. वैराग्य ही पुढे त्यांनी मिळवलेली गोष्ट असेल. पण दुष्काळात बायको-पोर गमावलेला विशीतला वाणी डोंगर चढतो, तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्याजवळ वैराग्य असते की नुसते खचलेले शरीर असते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. वैराग्य, भक्ती आणि सोसणे हे तीन शब्द आपल्याकडे दुःखावर इतक्या लवकर घातले जातात की खालचे अंग दिसतच नाही.

३. बहिणाबाईंची साक्ष

याच इंद्रायणीकाठची एक साक्ष मला या विषयासाठी सर्वांत मोलाची वाटते. ती संत बहिणाबाईंची (१६२८–१७००). खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या बहिणाबाई वेरूळ परिसरातल्या देवगावच्या, तुकोबांच्या शिष्या, आणि अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगणाऱ्या. जस्टिन ॲबट यांनी १९२९ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याला आत्मचरित्र असेच म्हटले. स्त्रीने सांगितलेले इतके जुने आत्मकथन मराठीत दुर्मीळच.

कथा थोडक्यात अशी. अगदी लहानपणी, वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झाले. घरच्या भाऊबंदकीपायी आणि कर्जापायी सगळे कुटुंब गाव सोडून भटकत कोल्हापूरला आले. तिथे दानात मिळालेल्या गाईचे वासरू या मुलीच्या मागे-मागे फिरू लागले. जयरामस्वामींच्या कीर्तनात वासरासह तिचे कौतुक झाले, गावात बोलबाला झाला. नवऱ्याचे डोके फिरले. त्याने तिला मारले, बांधून घातले. गाय आणि वासरू चारापाणी घेईनात. पुढे वासरू मेले, आणि ही मुलगी बेशुद्ध होऊन दिवसच्या दिवस पडून राहिली. त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले, आणि ती उठली ती अभंग म्हणतच. मग नवरा घर सोडून जायला निघाला आणि स्वतःच आजारी पडून अंथरुणाला खिळला. मनातला द्वेष सुटला, तेव्हा त्याला उतार पडला. सगळे देहूला आले. देहूत मंबाजीने यांच्या गाईला मारले आणि त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले.

हे सगळे आजवर चमत्कार म्हणून वाचले गेले आहे. श्रद्धेने वाचणाऱ्याने तसे वाचावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चिकित्सेने वाचणाऱ्यांनी मात्र चमत्कार वगळले आणि उरलेल्या मजकुरातून सतराव्या शतकातली समाजस्थिती, विवाहाचे वय, ब्राह्मण कुटुंबाला शूद्र गुरू केल्याबद्दल झालेला त्रास हे मुद्दे काढले. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटली. या कथनात दुःख एका जागी थांबतच नाही. मुलीला बांधल्यावर वासरू खाणे सोडते. वासरू मेल्यावर मुलगी निपचित पडते. नवऱ्याचा राग त्याच्याच अंगावर दुखण्याच्या रूपाने येतो. गाईवरचा मार तुकोबांच्या पाठीवर दिसतो. मन आणि शरीर, मी आणि दुसरा, माणूस आणि जनावर, यांच्यामध्ये बहिणाबाईंच्या लेखी भिंत नाही. 'हाय खाणे' ज्या समजुतीतून आले, तीच समजूत इथे एका सबंध आयुष्याची मांडणी करते आहे.

बहिणाबाईंना नैराश्याचा आजार होता, असे मला म्हणायचे नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आजचे निदान चिकटवणे हा वाङ्मयाचाही अपमान आणि वैद्यकाचाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, मारहाण झालेल्या, बांधून घातलेल्या, लाडके जनावर गमावलेल्या एका कोवळ्या मुलीचे शरीर किती दिवस हलले नाही, याची नोंद तिने स्वतः ठेवली आहे. आपण त्या नोंदीतून दर्शन तेवढे उचलले आणि पडून राहिलेले शरीर मागे सोडले. ती उठली ते कशाने, हेही पाहण्यासारखे आहे. तिने शब्द रचले, आणि पुढे जिथे तिचे ऐकले जाईल अशा माणसांत ती राहायला आली.

४. आधुनिक लेखनातली भिंत

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्या काळात त्यांची प्रकृती ढासळली. हे त्या सांगतात ते आपल्या नेहमीच्या मिश्किल, चटपटीत शैलीत. आपल्या समीक्षेने त्या विनोदाचे इतके कौतुक केले की विनोदाखाली काय आहे ते पाहायचे राहून गेले. 'दुःखातही हसणारी बाई' हे वर्णन लक्ष्मीबाईंच्या वाट्याला इतक्या वेळा आले आहे की ते आता विशेषण राहिलेले नाही, झाकण झाले आहे. सोसण्याचे कौतुक करणारा समाज सोसणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करत नाही.

आजाराविषयीच्या अलीकडच्या मराठी लेखनात डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाचे स्थान वेगळे आहे. हृदयविकार ही निव्वळ नळी तुंबण्याची गोष्ट नाही, तिचा संबंध माणसाच्या जगण्याशी आणि मनाशी आहे, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गापर्यंत या पुस्तकाने जितकी पोचवली तितकी कुणीच पोचवली नसेल. त्यातले मन मात्र धावणारे मन आहे. ताण, घाई, कामाचा डोंगर, आणि त्यातून थांबायला शिकणे असा त्याचा प्रवास आहे. कर्त्या, धडपड्या माणसाची ती कथा आहे. जो धावतच नाही, ज्याला सकाळी पांघरूण बाजूला करणे जड जाते, अशा माणसाच्या हृदयाचे काय, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे. तो दोष नव्हे. पण त्यानंतरच्या आपल्या आरोग्यलेखनाने 'ताण' हा एकच शब्द धरून ठेवला आणि 'टेन्शन घेऊ नका' हा त्यावरचा एकमेव सल्ला झाला. खचलेल्या माणसाला तो सल्ला देणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'लंगडू नका' म्हणण्यासारखे आहे.

ही भिंत मला पडलेली दिसली ती एका चित्रपटात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण आजारी, बेवारस अवस्थेत जानकी या बाईला भेटतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला कोकणातल्या आपल्या घरी आणते आणि नाव-गावसुद्धा विचारत नाही. आधी अंगाची काळजी, खाणे, झोप. समोर समुद्र, आणि किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारी माणसे. चित्रपटाची गती संथ आहे, काहींना ती कंटाळवाणी वाटली. मला ती गतीच त्याचा आशय वाटते. खचलेल्या माणसाशी संवाद भाषणाने सुरू होत नाही, ताटाने सुरू होतो, हे या चित्रपटाला कळले आहे. कासव पाय आत ओढून घेते तेव्हा त्याला उपदेश करून उपयोग नसतो. भोवतालची जागा सुरक्षित झाली की पाय बाहेर येतात.

५. वैद्यकाने काय पाहिले

साहित्यातून वैद्यकाकडे येताना दोन्हीकडे अतिशयोक्ती होऊ नये म्हणून जे ठाम आहे तेवढेच सांगतो.

१९९३ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात नॅन्सी फ्रेशर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्यांना रुग्णालयात असताना नैराश्य होते, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. हृदयाची ताकद किती उरली आहे किंवा आधी झटका येऊन गेला आहे का, या गोष्टी डॉक्टर जितक्या गांभीर्याने पाहतात, त्याच तोलाचे नैराश्याचे वजन भरले. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या रांगेत मनःस्थिती आणि जगण्यातले आघात यांनाही जागा मिळाली. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तीव्र हृदयविकारानंतरच्या वाईट परिणामांसाठी नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस केली.

हे घडते कसे, याचे उत्तर एका ओळीत येत नाही. दीर्घकाळ खचलेल्या माणसात कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांची लय बिघडते. शरीरात मंद दाह चालू राहतो. रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी जास्त चिकट होतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर निरोगी माणसात सतत थोडे बदलत असते, तो लवचीकपणा कमी होतो. याच्या जोडीला साध्या गोष्टी असतात. गोळी चुकते, चालणे बंद होते, विडी-तंबाखू वाढते, झोप तुटते, तपासणीची तारीख टळते. मधुमेहाचे नाते तर दुहेरी आहे. नैराश्याने मधुमेहाचा धोका वाढतो, आणि मधुमेह झालेल्यांत नैराश्य अधिक आढळते.

'धसका' या शब्दालाही वैद्यकात एक जोड सापडली आहे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका विकाराचे वर्णन केले. जबर भय किंवा शोक झाल्यावर हृदयाचा डावा कप्पा अचानक फुगतो आणि आकुंचन पावेनासा होतो. लक्षणे झटक्यासारखीच असतात, पण नळ्या तुंबलेल्या नसतात. कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचे 'ताकोत्सुबो' हे नाव त्याला मिळाले. हा विकार मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतो आणि बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे, पण धसक्याने काळीज खरोखर आकार बदलते, हे आता चित्रात पाहता येते.

आता नाण्याची दुसरी बाजू. नैराश्यावर उपचार केले की हृदयविकाराचे मृत्यू टळतात का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, २,४८१ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत मनावरच्या उपचारांनी नैराश्य कमी झाले, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. म्हणून 'मन प्रसन्न ठेवा, हृदय आपोआप बरे होईल' असे सांगणारी पुस्तके विज्ञानाच्या पुढे धावत आहेत. आपल्या देशातून आलेली एक बातमी अधिक आशादायक आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यात दोन्ही आजारांची देखभाल एकाच छताखाली, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांनी केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, दोन वर्षांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा या रुग्णांचे नैराश्यही कमी होते आणि साखर, रक्तदाब, चरबी यांची स्थितीही सुधारलेली होती. फरक पडला तो भिंत काढल्याने.

६. गडचिरोली आणि गोवा

ही भिंत सर्वांत जास्त बाधते ती बाईला. बाई दवाखान्यात येते आणि म्हणते, अंग दुखतंय, कंबर धरली आहे, अंगावरून पांढरं जातंय, थकवा जात नाही. पुढे दोनच वाटा असतात. एक म्हणजे सलाईन, सुई आणि ताकदीच्या गोळ्या. दुसरी म्हणजे 'तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत'. दोन्ही वाटा कशा चुकीच्या आहेत, हे आपल्याच मुलखातल्या दोन अभ्यासांनी दाखवले आहे.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. ज्याला बाईची नेहमीची कुरकुर समजले जात होते, ते दुखणे खरोखर शरीरात होते आणि कुणी पाहिलेलेच नव्हते.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १२ टक्के स्त्रियांना सहा महिने किंवा अधिक काळ थकवा होता. सर्वांना वाटेल की रक्त कमी असणार. पण हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो घरातल्या कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, वैधव्याशी, स्वतःचे निर्णय स्वतः घेता न येण्याशी, आणि खचलेल्या मनाशी. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीबाबतही याच गटाला जंतुसंसर्गापेक्षा मनःस्थितीशी आणि परिस्थितीशी जास्त घट्ट नाते दिसले.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. गडचिरोली सांगते, 'मनाचे खेळ' म्हणण्याआधी तपासा. गोवा सांगते, तपासणीत काही सापडले नाही म्हणजे काही झालेले नाही, असे समजू नका. दोन्हींचा गाभा एकच आहे, बाईचे बोलणे पुराव्यासारखे ऐका.

ऐकणारी माणसे कुठून आणायची, याचेही एक उत्तर गोव्यातून आले. तिथे २४ दवाखान्यांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्थानिक, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. खचलेल्या माणसाला पहिला आधार द्यायला पदवी लागते असे नाही, शिकवलेले कान लागतात.

७. समीक्षेचे काम

आता पुन्हा त्या दोन घरांकडे येऊ. 'हाय खाल्ली' या शब्दप्रयोगाचे मी वर कौतुक केले. त्यातला दोषही सांगायला हवा. हा शब्द बहुधा भूतकाळात येतो, माणूस गेल्यावर. तो निदान नाही, निकाल आहे. शिवाय खाणारा तो स्वतः, म्हणजे जबाबदारीही त्याचीच. हाय कुणी वाढली, ताट कुणी पुढे केले, हे विचारायची त्यात सोय नाही. मन-शरीराचे नाते आपल्या भाषेला पहिल्यापासून ठाऊक होते, पण तिने ते नशीब म्हणून स्वीकारले. जे ठाऊक असूनही थांबवता येत नाही, त्यावर भाषा सुस्कारा सोडते, आणि 'हाय' हा मुळात सुस्काराच आहे.

'नैराश्य' हा शब्द इथे उपयोगी पडतो. तो माणूस जिवंत असताना उच्चारता येतो. त्याच्यामागे औषधे आहेत, बोलण्याचे उपचार आहेत, बरे झालेली माणसे आहेत. म्हणून जुने शब्द थोर आणि नवे शब्द परके, अशी वाटणी मला मान्य नाही. हाय हा शब्द वर्तमानकाळात आणायला हवा, आणि नैराश्य या शब्दाला शरीर द्यायला हवे.

हे काम निव्वळ डॉक्टरांचे नाही. डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा'मध्ये गडचिरोलीच्या बायांच्या स्वतःच्या शब्दांना आणि समजुतींना जे स्थान आहे, तसे स्थान खचण्याच्या शब्दांना मिळायला हवे. मावळातली बाई, मराठवाड्यातला शेतकरी, कोकणातला परतलेला चाकरमानी खचल्यावर कोणते अवयव बोलून दाखवतात, याचा जिल्हावार कोश होऊ शकतो. तो आरोग्य केंद्रातल्या आशाताईच्या हातात पडला, तर नऊ प्रश्नांची प्रश्नावली तिला परक्या मराठीत विचारावी लागणार नाही. 'अन्न गोड लागतं का' या एका प्रश्नाने सुरुवात होईल, आणि समोरच्या बाईला उत्तर देता येईल.

समीक्षकाचे काम त्याहून साधे आहे. चरित्रे, आत्मकथने, अभंग वाचताना जिथे जिथे कुणी जेवले नाही, झोपले नाही, उठले नाही असे लिहिले आहे, तिथे थांबायचे. पुढच्या ओळीतल्या साक्षात्काराकडे, विनोदाकडे किंवा वैराग्याकडे धावायचे नाही. ते शरीर आधी पाहायचे. लिहिणाऱ्याने ती ओळ लिहिली, कारण ते घडले होते. कोल्हापुरातल्या एका घरात एक मुलगी कित्येक दिवस उठली नव्हती, हे तिने स्वतः सांगितले आहे. तिची प्रकृती कशी होती, एवढे विचारायला आपल्याला साडेतीनशे वर्षे लागली. आज तशीच पडून राहिलेल्या कुणाला ते विचारायला उशीर करू नये.